मी म्यूट काढलं

"यांचंही तुमच्यासारखंच. सगळं फुकट पाहिजे, वर मानही पाहिजे."

मीटिंग म्यूटवर टाकून तो मला मराठीत म्हणाला. हसत.

कॅनडात, रेजिनातलं नकाशांचं ऑफिस. तो आमचा टीम लीड, पुण्याचा. मी नागपूरची. पहिल्याच दिवशी त्याने आडनाव विचारलं. मग वस्ती. मग म्हणाला, "अच्छा, म्हणजे कोटा." गणपतीला टीमला त्याच्या फ्लॅटवर बोलावलं. सगळ्यांना घरच्या कपात चहा. मला कागदी कपात. प्यायले मी. चहा नाही, अपमान प्यायले. मुकाट.

काम होतं अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींच्या जमिनीवरच्या एका दरीचं. वाळवंटातली दरी, लाल कडे. ड्रोनने मोजणी झालेली. त्यातून चढउतार, घळी, पायवाटा नकाशावर आणायचं काम माझं. त्या दिवशी कॉलवर त्यांच्यातली एक वयस्कर बाई होती. तिने एवढंच मागितलं, "त्या वळणाशी आम्ही प्रार्थना करतो. तिथली वाट दाखवू नका. लोक फोटो काढायला येतील."

त्यावर तो तसं बोलला.

मी हात पुढे केला. म्यूट काढलं. त्याचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. जसंच्या तसं. 'तुमच्यासारखं' म्हणजे कुणासारखं, तेही सांगितलं. माझी जात सांगितली. त्या ऑफिसात पहिल्यांदा, माझ्या तोंडाने.

तो पांढराफटक. "अगं, जोक होता!"

बाई जराही हसली नाही. म्हणाली, "हा माणूस आमच्या कामावर नको."

कॉल संपल्यावर आधी नकाशावरची ती वाट पुसली. मग ऑफिसात त्याची तक्रार केली.

दुसऱ्या दिवशी त्याने मला पार्किंगमध्ये गाठलं. थंडीत, विनाटोपी. "ताई, आपण दोघं मराठी माणसं. माझं पीआर, इथे कायम राहायचा परवाना, अडकलंय. नोकरी गेली तर सगळं गेलं. मागे घे ना तक्रार."

ताई! कोट्यातली होते, आता ताई झाले.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्याचा आवाज कापत होता आणि मला आणखी ऐकायचं होतं. त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हटलं, "नाही घेणार."

आता चौकशी लागलीय. तो घरी बसलाय. इथलेच दोघंतिघं मराठी फोन करून सांगतात, माफ कर, मोठं मन कर.

मन मोठंच आहे माझं. त्यात हे सगळं मावलंय, म्हणून तर विसरत नाही. चौकशीत विचारतील, तुला काय हवं? माफी नको. त्याची खुर्ची हवी. मागणार आहे. सगळ्यांसमोर.