चारवर अडकलेला निरोप

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आमच्या लष्करी सिग्नल डिटॅचमेंटची ड्यूटी देगलूरपुढच्या एका वाडीत होती. तिथे मोबाईलला रेंज नव्हती. कोणत्या गावाला किती टँकर हवेत, ती यादी रोज सकाळी सहाला रेडिओ सेटवरून लातूर कंट्रोलला जायची. मी हवालदार. सोबतीला कंधारचा नाईक पिराजी. मधल्या टेकड्यांवर माणूस नव्हता, नुसते सेट होते.

एके दिवशी यादी गेली आणि नऊ वाजता वावटळीत वाटेतल्या उदगीरचा मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब, पडला. सेटांनी आपोआप दुसरी वाट धरली : देगलूर, बिलोली, कंधार, अहमदपूर, मग लातूर. स्क्रीनवर ते दिसलं. आम्ही निर्धास्त होतो.

११.२० ला वाडीतल्या सुमनबाई पळत आल्या. त्यांची विहीर खोल करताना ढासळली होती. नवरा आणि दीर आत.

"साहेब, आतून आवाज येऊन राहिलाय. माती काढायचं मशीन बोलवा!"

मी निरोप पाठवला. उत्तर नाही. पुन्हा पाठवला. नाही. आमची गाडी टँकरसोबत गेलेली.

"पिराजी, मास्टवर चढ. अँटेना बघ."

तो सेटसमोरून हलला नाही.

"उस्ताद, अँटेना ठीक हाय. अहमदपूरपर्यंत समदे जवाब देऊन राहिलेत. लातूरच न्हाई. TTL बघा."

TTL म्हणजे निरोपाचं आयुष्य. प्रत्येक टप्प्यावर त्यातला एक आकडा कमी होतो, शून्य झाला की सेट निरोप टाकून देतो. जुन्या वाटेवर देगलूर, उदगीर, लातूर असे तीन टप्पे होते, म्हणून आम्ही चार ठेवला होता. आता टप्पे पाच झाले होते.

११.४१ ला मी TTL सोळा केला. निरोप पाठवला. तरी उत्तर नाही.

"लातूरचाबी चारच असंल," पिराजी म्हणाला. "आपलं पोचलं असंल, त्यांचा जवाब वाटेत मरून राहिलाय."

निरोपाच्या शेवटी एक ओळ जोडून तो पुन्हा पाठवला : तुमचा TTL वाढवा.

११.४६. "लातूर कंट्रोल. मेसेज रिसीव्ह्ड. उदगीरहून मशीन आणि डॉक्टर निघाले."

मशीन येईपर्यंत वाडी हातांनी माती उपसत होती. मग मशीन लागलं आणि ३.५० ला दोघे बाहेर आले. जिवंत. धाकट्याचा पाय मोडला होता, बाकी काही नाही.

पुढच्या हिवाळ्यात काश्मीरमध्ये तुटलेली लाईन जोडायला गेलेला पिराजी हिमस्खलनात गेला. मी कंधारला त्याच्या आईकडे गेलो. माझा हुकूम त्याने मोडला म्हणून दोन माणसं वाचली, हे त्यांना सांगितलं.

त्या कितीतरी दिवसांनी हसल्या असाव्यात.

"घरीबी कुठं ऐकत व्हता," म्हणाल्या.