मामांची भरलेली जखम

मामा कारखान्यात एका पायावर उभे राहत. डावा पाय जमिनीवर, उजव्याचा तळवा डाव्या गुडघ्याला टेकवलेला आणि दोन्ही हात पोती शिवायच्या मशीनवर. नवा सुपरवायझर आला की हमखास ओरडे, "नीट उभे राहा!" मामा मान न वळवता म्हणत, "नीटच उभा हाय, साहेब. पडलो तर सांगा." उमरठच्या वर डोंगरातल्या वाडीत त्यांचं लहानपण गुरांमागे गेलेलं. काठीवर भार टाकून तासन्‌तास असं उभं राहायची सवय तिथली. महाडच्या औद्योगिक वसाहतीत काठी नव्हती, सवय मात्र तशीच राहिली.

मी नाते गावचा. पॅकिंग खात्यात आमच्या जागा शेजारीशेजारी. ते माझे कुणी लागत नव्हते, पण सगळं खातंच त्यांना मामा म्हणायचं. घरची म्हैस व्याली की मामांच्या पिशवीतून खरवस यायचा, अख्ख्या पाळीला पुरेल एवढा. कुणी नको म्हटलं तर रागवायचे.

डाव्या पोटरीवर शिरा उठायला लागल्या तेव्हा त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे त्या करंगळीएवढ्या जाड झाल्या, संध्याकाळी पाय सुजून चप्पल चढेना, घोट्याजवळची कातडी काळी पडली. "डोंगर चढून पाय कधी दुखला नाय रे," मामा म्हणायचे. "ह्या सपाट लादीनं खाल्ला." आठ तास एकाच जागी उभं राहणाऱ्याला दुसरं काय होणार?

दर पगारातून कामगार विम्याचे पैसे कापून जात आणि त्याचा मामांना भारी अभिमान होता. कुणी नुसतं शिंकलं तरी म्हणायचे, "जा रे, आपला दवाखाना हाय." त्या आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना घट्ट मोजे दिले आणि पाय उंचावर ठेवायला सांगितलं. "पाय वर ठेवून पोतं कसं शिवू?" मामांनी विचारलं. शिरांचं ऑपरेशन खर्चिक, आणि विम्याच्या लेखी ते दिसण्यासाठीचं, म्हणून मंजूर होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मामा आठवडाभर हसत होते. "माज्या पोटऱ्या बघायला कोण येतंय रे?"

मग घोट्याच्या आतल्या बाजूला जखम झाली आणि वाहायला लागली. आता डॉक्टरांनी लगबगीनं मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचं ठरवलं. तारीख महिनाभरानंतरची मिळाली. तोवर रजा घेऊन मामा वाडीवर गेले. मामींनी रोज कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं पाय धुतला, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घट्ट बांधल्या. मामा गोठ्याच्या मेढीला, खांबाला, पाय उंच टेकवून दिवसभर आडवे पडून राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच एवढे पडून राहिले असतील.

मुंबईला बोलणं जमणार नाही म्हणून त्यांनी मला सोबत नेलं. आमची पाळी आली तशी मामांनी पांढरी पट्टी सोडली आणि पाय कौतुकानं पुढे केला. जखम भरली होती. वर गुलाबी, कोवळी कातडी आली होती.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "ही तर भरली. वाहती जखम असेल तरच मला मंजुरी देता येते."

"पण साहेब, हे मशीनपाशी उभे राहिले की परत फुटेल," मी म्हणालो.

"फुटेल, मला माहीत आहे." माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "उभ्यानं काम करणारा प्रत्येक जण या शिरा घेऊन येतो. सगळ्यांचा खर्च विम्यानं उचलला तर डायलिसिसच्या पेशंटला काय सांगू? जखम उघडली की या. लगेच घेतो."

मामांनी पट्टी गुंडाळली. "म्हंजे बरा झालो ती चूक झाली," ते हळूच म्हणाले. एस.टी.नं पेण मागे टाकलं. मग मामा म्हणाले, "म्हस गुरांच्या डागदराकडं न्यायची तरी आम्ही धुऊन पुसून नेतो. माणसांच्या डागदरापुढं घाण पाय कसा धरायचा रे?" मला राग आला होता. पण तो कुणावर काढायचा, हेच कळेना.

मामा कामावर आले, पुन्हा उभे राहिले. जखम फुटायच्या आधी कारखानाच बंद पडला. नोकरी गेली तसा विमाही गेला. मला पोलादपूरला एका दुकानात काम मिळालं. मामा कायमचे वाडीवर गेले.

पुढच्या वर्षी एका रविवारी मी वर गेलो. वाडीची रीत अशी की पाहुण्याला सोडायला पहिल्या वळणापर्यंत उतरायचं. त्या दिवशी मी निघालो तेव्हा मामा उठून बसले, पण दारापर्यंतसुद्धा आले नाहीत.

"अगो, ह्याला दाखव," ते मामींना म्हणाले. मामींनी पट्टी सोडली. घोट्यापासून नडगीपर्यंत सगळं उघडं झालेलं, वाहत होतं.

"आता काय केलं तरी मिटत नाय बघ," मामा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क आशा दिसली. "आता त्या साहेबांना चालंल ना रे?"

विमा नोकरीबरोबरच संपला, हे मामांना ठाऊक नव्हतं. मी खाली बसलो, मामींच्या हातातली पट्टी घेतली आणि घोट्याकडून बांधायला लागलो.