पदर वर, तीन मोजेपर्यंत

घरच्या माणसांचा फोटो काढण्याइतकं कटकटीचं काम दुसरं नाही. परका माणूस निदान सांगितलेलं ऐकतो. आमच्या घरी कोण ऐकतो!

महायुद्धाची वर्षं होती. आमचं गाव तिरोड्याजवळ. मी मॅट्रिक झालो म्हणून वडिलांनी हौसेनं एक जुना डबा-कॅमेरा घेऊन दिला होता. पण बाजारात रोल मिळेनासे झालेले. नागपूरहून कसाबसा एक मिळवला, त्यात आठ फोटो. त्यातले सात मी शहाण्यानं धानाच्या बांधीतल्या सारसांच्या जोडीवर उधळले, आणि सारस कॅमेऱ्यात दिसत होते मुंगीएवढे. उरला एक.

अशात थोरला भाऊ फौजेतून दहा दिवसांच्या सुटीवर आला. त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. परत गेल्यावर पलटण ब्रह्मदेशाकडे निघणार, हे त्यानं फक्त मला सांगितलं. तळ्यावर बैल धुताना म्हणाला, "तिचा फोटू पायजे मले. संगं न्याले. पदर नाई, तोंड दिसलं पायजे."

म्हणायला सोपं. आमच्या घरात सून सासऱ्यासमोर हनुवटीपर्यंत पदर ओढून वावरायची. त्यांच्याशी बोलायची तर बातच नाही, काही सांगायचं तर आईकरवी. दिवसाउजेडी नवराबायकोनं एकमेकांकडे पाहणंसुद्धा निर्लज्जपणात जमा. दोघांचा फोटो काढू का, असं मी भीतभीत विचारलं, तर वडील कडाडले, "काढाचा तं सगळ्या घराचा काढ! दोघाईचा कायले? मडम हाये का थे?"

मग मी दोन दिवस डोकं खाजवलं. उन्हात बसवलं तर सगळे डोळे बारीक करतात, म्हणून ओसरीच्या सावलीत बसवायचं. पण सावलीत उजेड कमी, तेव्हा तीन मोजेपर्यंत कॅमेऱ्याचं भिंग उघडं ठेवावं लागणार. तेवढा वेळ कोणी हलायचं नाही. वडील पुढे खुर्चीवर, शेजारी आई. मागे भाऊ, आणि वडिलांच्या बरोब्बर पाठीशी वहिनी. मी 'श्वास रोखा' म्हटलं की तिनं पदर वर करायचा, तीन झाले की खाली. वडील कॅमेऱ्याकडे पाहत असतील, त्यांना मागचं दिसेलच कसं?

वहिनी माझ्याशी मोकळेपणानं बोलायची. चुलीपुढं बसून तिनं सगळं ऐकलं आणि तिचा चेहराच उतरला. सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात. ती म्हणाली, "अन् मामाजीनं मांगं वळून पायलं तं?"

"नाई पाहत. मी पाहूच देत नाई."

"तुमचं काय जाते, भाऊजी! थे तं चार दिवसानं चालले. मले याच घरात राहाचं हाये."

खरं होतं तिचं. तरी ती हो म्हणाली.

फोटोच्या सकाळी मी धानाची दोन पोती एकावर एक रचून त्यावर कॅमेरा ठेवला. वडील कोट घालून, फेटा बांधून बसले. मी बजावलं, "मान वळवली तं फोटू वाया जाते. दुसरा नाई माह्याजवळ."

"तू मले शिकवू नोको," असं म्हणत त्यांनी लगेच मान वळवली, आईला नीट बस म्हणून दरडावायला. वहिनीचा हात पदराशी गेला होता, तो झटक्यात खाली आला. मी पुन्हा सगळ्यांना समोर पाहायला लावलं.

"श्वास रोखा!"

पदर वर गेला. मी खटका ओढला. एक. माझी नजर वडिलांच्या मानेवरून हटत नव्हती. दोन. त्यांच्या मिशा थरथरल्या. आता खोकणार आणि वळणार! देवा, एवढं एक सांभाळ. तीन. मी भिंग बंद केलं, पदर खाली आला आणि मगच वडील खोकले. जिंकलो होतो!

फोटोच्या दोन प्रती गोंदियाला धुऊन मिळाल्या त्या भाऊ निघाला त्याच दिवशी. फलाटावर त्याच्यासमोरच मी पाकीट उघडलं. वहिनी काचेसारखी स्वच्छ आली होती. घाबरलेले डोळे, कपाळावरचं कुंकू, सगळं. आईवडीलही झकास. आणि भावाच्या खांद्यावर, जिथं तोंड असायला हवं तिथं, नुसता पांढुरका फराटा. तो तिच्याकडे वळला होता. सगळ्यांना मी हलू नका म्हणून बजावलं, त्याला तेवढं सांगितलं नाही. फौजेतला माणूस, ताठ उभं राहायला त्याला काय शिकवायचं, असं वाटलं मला गाढवाला.

"तुले हालाले कोन सांगतलं होतं बे?" मी चिडून ओरडलो.

तो लाजलाबिजला नाही. "उजेडात पयल्यांदा पायलो तिले," म्हणाला आणि फोटो छातीच्या खिशात ठेवून गाडीत चढला.

दुसरी प्रत मी गुपचूप वहिनीला दिली, आणि फोटो बिघडला म्हणून घरात ठोकून दिलं.

भाऊ परत आला नाही. सरकारी कागद आला. महिन्याभरानं वडील म्हणाले, "भिंतीवर लावाले त्याचा फोटू पायजे." त्याचा दुसरा फोटो नव्हताच. वहिनी आत गेली, पेटीतून ती प्रत काढून आणली आणि आईच्या हातून वडिलांना दिली.

वडिलांनी फोटो खिडकीशी नेला. सुनेचं उघडं तोंड त्यांना दिसलंच असणार. बोट मात्र त्यांनी त्या पांढऱ्या फराट्यावर ठेवलं होतं. आता माझी खैर नाही, असं मला वाटलं.

"याचं तोंड कुठं हाये? कुठं पाहून रायला होता हा?" त्यांनी मला विचारलं. आवाज फाटला होता त्यांचा.

"माह्याकडे, मामाजी," दाराआडून वहिनी म्हणाली.

सून म्हणून घरात आल्यापासून ती त्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द. वडील मग दारापाशी गेले आणि फोटो स्वतःच्या हातानं तिला दिला.