रक्त थांबलं म्हणून

डॉक्टरांनी बायोप्सीचा रिपोर्ट दोनदा वाचला. "अ‍ॅडिनोकार्सिनोमा," म्हणाले. आतड्याच्या अस्तरातून सुरू होणारा कॅन्सर. तो यकृतापर्यंत पोचला होता. माझे पती शेजारीच बसले होते.

ह्यांचं गारगोटीत मोटार रिवायंडिंगचं दुकान. दहा वर्षं त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होता, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज, जखमा, शौचावाटे रक्त. गोळ्यांनी रक्त थांबलं. तरी गोळ्या सोडू नका, दरवर्षी कोलोनोस्कोपी, म्हणजे नळीतल्या कॅमेऱ्यानं आतड्याची तपासणी करून घ्या, असं बजावलेलं होतं.

"आता बरा हाय की मी. सारखी नळी कशाला?" हे म्हणायचे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पोटातले उपयोगी जंतू मुलांना समजावते. मीच म्हटलं, गोळ्या किती वर्षं खायच्या, रोज दही-ताक घ्या. तीन वर्षं ना गोळी, ना तपासणी. वजन उतरलं, तेही आम्ही कामावर ढकललं. पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, तेव्हा कोल्हापूर गाठलं.

डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दह्यानं कॅन्सर झाला नाही. पण सूज आतल्या आत चालूच होती. अशा सुजेत जंतूंचा समतोल बिघडतो, काही जंतू सूज आणखी वाढवतात आणि पेशी बिघडत जातात."

"तपासणी केली असती तर?"

डॉक्टर म्हणाले, "बहुतेक लवकर सापडला असता."

ऑपरेशन झालं. पोटावर स्टोमा केला, म्हणजे शौचासाठी वेगळी वाट, तिला पिशवी. ती मला सुरुवातीला नीट बदलता येत नव्हती. वॉर्डातल्या सिस्टरनी न रागावता चार दिवस शिकवलं. त्यांचे उपकार विसरणार नाही.

मग केमोथेरपी. कालच्या स्कॅनमध्ये यकृतातल्या गाठी वाढलेल्या दिसल्या. आता बरं करणं नाही, त्रास कमी ठेवणं एवढंच, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तुमच्या घरी कुणाला हा आजार असेल, तर रक्त थांबलं म्हणून निर्धास्त होऊ नका. मला माहीत असायला हवं होतं.

काल कोल्हापूरहून परतताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. ह्यांना कळलं.

"तुजं काय चुकलं न्हाय. मलाच नळी नको हुती," ते म्हणाले. "झोप जरा. गारगोटी आली की उठिवतो."

मी डोळे मिटले. झोप आली नाही, पण ते हाक मारेपर्यंत तशीच पडून राहिले.