ऑटो स्टँडवरची माफी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता तपशिलासकट पुसले गेले. एक साधी मोबाईल हिसकावल्याची तक्रार मात्र पाठ सोडत नाही. जेवताना मध्येच आठवते. नावं कुणाचीच देणार नाही. त्या माणसांना जे भोगायचं होतं ते त्यांनी भोगलं आहे.

निवृत्ती जवळ आली होती आणि अमरावतीतल्या एका ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. आमच्या हद्दीत बस स्थानक, म्हणजे पाकीटमारी आणि मोबाईल रोजचेच. एका सोमवारी सकाळी हजेरी आटोपून मी खुर्चीत बसतोय तोच एक गृहस्थ मुलीला घेऊन आत आले. शेंदूरजनाघाटकडचे संत्र्याचे बागायतदार. मुलगी सतराची, अमरावतीला हॉस्टेलवर राहून मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास करत होती. रविवारी गावी गेली होती आणि वडील तिला सोडायला सोबत आले होते.

"साहेब, मी बॅग उतरवून राहिलो होतो, तेवढ्यात पोट्टीच्या हातातून फोन हिसकून नेला," वडील म्हणाले. "तिचा सगळा अभ्यास त्याच्यातच होता जी. मी मुद्दाम चांगला घेऊन देल्ला होता. तुमी आजच्या आज काही करा."

मुलीनं सांगितलं, गर्दीतून एक माणूस आला, खाकी शर्ट, दाढी वाढलेली, फोन ओढला आणि ऑटोंच्या रांगेकडे पळाला. खरोखर लुटलं गेलेलं माणूस मागचं पुढे आणि पुढचं मागे सांगतं, मध्येच थांबतं, भलतंच आठवतं. ही पोरगी धडा म्हणून दाखवावा तसं सांगत होती. मला ते खटकायला हवं होतं. मी मनात म्हटलं, हुशार आहे, डॉक्टर होईल. गुन्हा दाखल केला, फोनची माहिती सायबरकडे पाठवली आणि पथकाला कामाला लावलं.

तिनं दिलेलं वर्णन स्टँडवरच्या निम्म्या ऑटोवाल्यांना लागू पडत होतं. पण आमच्या डीबी पथकातल्या, म्हणजे गुन्हे शोधणाऱ्या पथकातल्या, जुन्या हवालदाराचा एक खबरी स्टँडसमोर चहाची गाडी लावायचा. संध्याकाळपर्यंत त्याची खबर आली की अमुक ऑटोवाल्याकडे दोन फोन दिसतात आणि सकाळी तो रांगेतच होता. त्या ऑटोवाल्यावर विशीच्या आत असताना मोबाईल चोरीचा एक गुन्हा होता. पुढे काही नाही. लग्न झालं, मूल झालं, कर्जाऊ ऑटो घेतला. पण आमच्या दप्तरात माणूस एकदा गेला की त्याचं वय वाढत नाही. हवालदारानं त्याला भर स्टँडवरून, सगळ्या ड्रायव्हरांसमोर, कॉलरला धरून आणलं. सवारी बसलेली होती, तिला उतरवून दिलं.

दुसरा फोन त्याच्या बायकोचा निघाला, काच फुटलेला, दुरुस्तीला आणलेला. तरी त्याला रेकॉर्ड रूमबाहेर जमिनीवर बसवून ठेवलं. अटक दाखवली नाही, 'चौकशीकामी' एवढंच. हवालदारानं त्याला दोन-चार ठेवून दिल्या, हे मला आवाजावरून कळलं. मी फाईल वाचत राहिलो.

नंतर मी त्याला समोर घेतलं तेव्हा तो रडला नाही की पाया पडला नाही. म्हणाला, "साहेब, तवा फोन घेतला होता तं एका कानफटात कबूल झालो होतो. आता घेतलाच नाही तं काय कबूल होऊ?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत खरं बोलणं मला ओळखू येत नव्हतं असं नाही. पण आमची एक पद्धत होती. ओळख परेड कायद्यानं दंडाधिकाऱ्यांसमोर व्हायची, आमची मात्र एक घरगुती परेड आधीच होऊन जायची. फिर्यादीला बोलवायचं, संशयिताला उभं करायचं आणि विचारायचं, हाच ना? मंगळवारी सकाळी मुलीला तसंच बोलावलं. हवालदारानं त्याला भिंतीशी उभा केला. अंगात कालचाच खाकी शर्ट होता, दाढी होतीच.

"पाह्य पोरी, हाच होय ना?"

तिनं खाली पाहिलं. वडील म्हणाले, "सांग ना बेटा, भिऊ नोको." तिची मान हलली. तो ऑटोवाला तिच्याकडे पाहून फक्त एवढंच म्हणाला, "ताई, नीट पाहा." तिनं नाही पाहिलं. मी अटकेची तयारी करायला सांगितली.

दुपारी सायबरचा निरोप आला. तो फोन सोमवारी अमरावतीत चालूच नव्हता. त्याचं शेवटचं लोकेशन रविवारी संध्याकाळचं होतं, मुलीच्या गावच्या टॉवरचं. त्यानंतर फोन बंद. म्हणजे चोरानं सोमवारी सकाळी स्टँडवर हिसकावलेला फोन आदल्या दिवशीच गावात मेला होता.

कागद मी फाईलला लावला. मग वडील-मुलीला परत बोलावलं. वडिलांना आधी सांगितलं तर ते उसळले. "मशीनचं काय खरं साहेब? आमची पोरगी खोटं नाही बोलत." त्यांना मी बाहेर चहाला पाठवलं. आत मी, महिला शिपाई आणि ती मुलगी. मी टॉवरचं सांगितलं आणि गप्प बसलो. चौकशीत गप्प बसण्याइतकं कामाचं दुसरं काही नसतं. तिचे हात टेबलाखाली होते आणि अंगठा सारखा हलत होता, वर-खाली, वर-खाली. हातात काही नसताना.

तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा. "सर, तो माणूस गेला का घरी?"

"नाही. बाहेर बसला आहे."

मग ती रडली आणि सगळं बोलली. क्लासची दर रविवारी टेस्ट. मोबाईलवरच द्यायची आणि संध्याकाळी निकाल ग्रुपवर, सगळ्यांना दिसेल असा, वरपासून खालपर्यंत. पहिल्या काही टेस्टनंतर तिचं नाव खाली खाली जायला लागलं. "नंबर पाह्यला का छातीत धडधड व्हायची. मग मी व्हिडिओ पाहायची. थोडा वेळ म्हणून घ्यायची तं पहाट होऊन जायची. मग क्लासमध्ये झोप, मग अजून नंबर खाली." तिनं ॲप काढून टाकले, परत टाकले. फोन मैत्रिणीच्या पेटीत कुलपात ठेवला आणि दोनदा कुलूप काढायला लावलं. तिसऱ्यांदा मैत्रीण नाही म्हणाली तर तिच्याशी भांडली.

महिला शिपायानं विचारलं, "मंग बाई, घरी काहून नाही सांगतलं?"

"बाबा रागवत नाहीत," ती म्हणाली. "मार्क कमी आले का ते जेवत नाहीत. कोणी काही बोलतच नाही घरी. फोन तरी बोलते."

त्या रविवारी ती बागेतल्या विहिरीच्या काठावर बसली होती. निकाल आला, तिचं नाव अगदी शेवटी होतं. हात आपोआप व्हिडिओकडे गेला आणि तिला स्वतःचाच इतका राग आला की तिनं फोन विहिरीत टाकला. "त्या राती मी झोपली सर. लय महिन्यांनी झोपली." सकाळी जाग आली तेव्हा सगळं आठवलं. वडिलांनी हौसेनं घेतलेला फोन, गावभर सांगितलेलं कौतुक. मी फोन सोडू शकत नाही, हे वडिलांना सांगण्यापेक्षा चोरी झाली म्हणणं तिला सोपं वाटलं.

"अन मान काहून हलवली?" मी विचारलं.

"तुम्ही सगळे पाहून राहिले होते. हो म्हटलं का संपते, असं वाटलं."

आम्ही ती परेड नेमकी त्यासाठीच घेत होतो.

वडील आत आले, मुलीच्या तोंडून ऐकलं आणि खुर्चीवर बसले ते हातांनी तोंड झाकूनच. त्यांनी तिला मारलं नाही, बोललेही नाहीत. मग मला म्हणाले, "साहेब, पोरीची बदनामी होईल. त्याले काही समजावून मिटवून टाका ना." खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. ऑटोवाल्याला मागच्या दारानं सोडायचं, गैरसमज झाला म्हणून गुन्हा बंद करायची समरी कोर्टात पाठवायची आणि विषय संपवायचा. मुलीची इज्जत वाचेल म्हणत मी ठाण्याची वाचवायला निघालो होतो.

पण मुलगी उठली आणि बाहेर गेली. ऑटोवाला तसाच जमिनीवर बसला होता. त्याच्या बायकोनं आणलेला डबा बाजूला, न उघडलेला. ती त्याच्यासमोर खाली बसली. "काका, मी खोटं बोलली. फोन मीच विहिरीत टाकला होता."

त्यानं मान वर केली. मग म्हणाला, "ताई, इथं म्हणून काय फायदा? इथल्या लोकायले मी तसाही चोरच वाटतो. मले जिथून उचललं तिथं म्हणा. उद्या तिथंच नंबर लावायचा हाये मले."

वडील म्हणाले, नाही. मुलगी म्हणाली, जाते. आणि त्या बापाचं मला आजही कौतुक वाटतं, कारण पाच मिनिटं धुसफूस करून शेवटी तेच पुढे झाले. "चाल मंग. मी येतो तुह्यासंगं."

आम्ही जीपनं स्टँडवर गेलो. दुपारची वेळ, ड्रायव्हर सावलीत पत्ते खेळत होते. ऑटोवाला उतरला, मागे मुलगी, तिच्यामागे वडील. मुलगी रांगेसमोर उभी राहिली. तिनं सांगितलं की या काकांनी चोरी केली नाही, फोन मी स्वतः टाकला आणि त्यांचं नाव घेतलं. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "पाहा बावा, शिकल्या-सवरल्या पोरी." वडिलांनी सगळ्यांसमोर हात जोडले. ऑटोवाला म्हणाला, "झालं ताई. जा आता, अभ्यास करा." आणि त्यानं मान वळवून जीपकडे पाहिलं.

मी पुढच्या सीटवर बसलो होतो. उतरलो नाही. त्याला मारणारे माझे लोक होते, सवारी उतरवणारे माझे लोक होते, मान हलवून घेणारा मी होतो. तो पाहत होता आणि मी वायरलेसचा माईक हातात घेऊन उगाच बटण दाबत बसलो. थोड्या वेळानं त्यानं ऑटोला किक मारली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

निवृत्तीनंतर शाळा-कॉलेजात मला मोबाईलच्या व्यसनावर बोलायला बोलावतात. पालक विचारतात, साहेब, पोरं फोन सोडत नाहीत, काय करावं? मी सांगतो, पोर फोनमध्ये कधी शिरतं ते पाहा, निकालाच्या दिवशी घरात कोण कुणाशी बोलतं ते पाहा, आणि हरल्यावर घरी येऊन सांगायला त्याला लाज वाटू नये एवढं करा. मग ही हकीकत सांगतो. मुलगी स्टँडवर उभी राहिली इथपर्यंत सांगतो, टाळ्या पडतात आणि मी खाली बसतो. त्या वेळी तिथं पोलीस अधिकारीही हजर होता आणि त्यानं तोंड उघडलं नाही, हे सांगायची हिंमत मला कुठल्याच व्यासपीठावर झाली नाही. ती सतरा वर्षांची होती आणि तिला ते जमलं.