लवूची पांढरी नवार

लवू घाडी मातीवर पाय ठेवत नसे. हे वाचून हसू आलं तर खुशाल हसा, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलो होतो. नंतर इतका पस्तावलो की आता कुणी हसलं तरी मला राग येत नाही.

मी ऑगस्टीन किणी. मरोळ गावठाणात, खुरुसाच्या, म्हणजे वाटेवरच्या क्रुसाच्या समोर, माझं मोटरसायकलींचं गॅरेज आहे. त्याआधी अकरा वर्षं मी लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या. बंदूक हातात घेतली ती साफ करण्यापुरती, तेव्हा शौर्यकथा माझ्याकडे मागू नका. माझा चुलतभाऊ सेबॅस्टियन मात्र तोफखान्यात होता, एकाहत्तरची लढाई बघून आलेला. परत आल्यावर त्याला वॉचमनची नोकरी लागली, खोली मिळाली, लग्न झालं, आणि ब्याऐंशी साली एका दुपारी तो गावठाणातल्या विहिरीत सापडला. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. त्या विहिरीचा कठडा माझ्या छातीएवढा आहे.

तेव्हापासून रविवारची चर्चमधली मिसा आटोपली की मी शटर वर करू लागलो. ओळखीपाळखीचे माजी सैनिक जमू लागले. कुणी लिफ्टमन, कुणी बँकेच्या दारात स्टुलावर बसणारा. सगळ्यांत मोठा नाना, पायदळातला सुभेदार, आता एका शाळेत घंटा वाजवायचा. मी एका जुन्या राजदूतचे मडगार्ड काढले, मागचं चक्र मोठं बसवलं आणि म्हटलं, चला चांदिवलीला. तिथे एक दगडखाण बंद पडलेली होती. शेजारची चालू होती. तिथे दुपारी एक वाजता भोंगा व्हायचा, मग सुरुंग उडायचा आणि आमच्या पायाखालची जमीन हलायची.

आमचा खेळ वेगाचा नव्हता. दगडधोंड्यांतून खुंट्या ठोकून एक वेडीवाकडी वाट आखायची, दोन्ही बाजूंना पट्टी ताणायची आणि त्या दोन पट्ट्यांमधून गाडी सावकाश काढायची. पाय जमिनीला टेकला की एक गुण दंड. गाडी थांबली, पडली किंवा पट्टीबाहेर गेली की पाच. ज्याचा दंड कमी तो जिंकला. घोड्यासारखं उधळायचं नाही, मुंगीसारखं जायचं. पहिल्या महिन्यात आम्ही सगळे तोंडावर आपटलो आणि वर्षानुवर्षं हसलो नव्हतो तेवढं हसलो.

लवूला नानाने आणलं. चाळिशीचा, सडपातळ, कणकवलीकडचा माणूस. फौजेत सॅपर, म्हणजे पेरलेल्या माईन शोधून काढणारा. आता विक्रोळीला कारखान्याच्या गेटवर पहारेकरी. चाळीची फरशी, रस्त्याचं डांबर, गेटचं सिमेंट, एवढीच त्याची पृथ्वी होती. एकदा पाण्याच्या नळासाठी चाळीसमोरचा रस्ता खणला, तर हा नऊ दिवस खोलीतून बाहेर पडला नाही. नानाच्या मागे बसून तो खाणीत आला आणि तिथेच सीटवर बसून राहिला.

मग त्याचं लक्ष आमच्या पट्टीकडे गेलं.

"ही वाट कोणी टोचल्यान?" त्याने विचारलं.

"टोचली? कोणी नाही. खुंट्या मारल्या, पट्टी बांधली, झालं."

"टोचल्याशिवाय पट्टी बांधलास?" तो इतका चिडला की मी एक पाऊल मागे सरलो. "पट्टी म्हणजे काय, तुका ठावक तरी आसा? पट्टी म्हणजे सांगणाऱ्याचो शब्द. हेच्या आत मरण नाय, असो शब्द."

पुढच्या रविवारी तो स्वतःची सळई घेऊन आला, आणि बोटभर रुंदीची पांढरी नवार, खाटेला विणतात तसली. खाणीच्या डांबरी तोंडाशी तो पोटावर पालथा झाला आणि सळई तिरकी धरून माती टोचू लागला. इथे टोच, बोटभर सरक, पुन्हा टोच. जेवढं टोचलं तेवढंच अंग पुढे, तेही पोटावरच, पाय टेकवून नाही. मागे नवार. सहा तासांत त्याने चाळीच्या गॅलरीएवढी वाट मोकळी केली. बाकीचे गालात हसत होते. नाना हसला नाही. तो लवूच्या खुंट्या ठोकायला पुढे झाला.

वाट झाल्यावर लवू सरपटतच डांबरावर परत आला आणि म्हणाला, "आधी मी. मगे तुमी." आणि राजदूत घेऊन आत शिरला.

त्या दिवशी मी जे पाहिलं ते आजही विसरलेलो नाही. गाडी दगडावर चढली, एका जागी थरथरत उभी राहिली, वळली, उतरली. पाय जागचे हलले नाहीत. दिवाळीपर्यंत त्याने चार वाटा टोचल्या आणि प्रत्येकीत सगळ्यांत आधी तो गेला. दंड शून्य. पुण्याचे दोन शौकीन मुद्दाम बघायला आले आणि म्हणाले, असा तोल जन्मजात असतो. डोंबलाचा जन्मजात. त्या माणसाला वाटत होतं की पाय टेकला तर तो उडेल.

पण त्याच्यात फरक पडत होता, हेही खरं. तो बोलू लागला. नानाशी भांडू लागला. डबा उघडून सगळ्यांना बांगड्याचं तिखलं वाढू लागला. मी स्वतःवर भलताच खूश होतो. फक्त कधीकधी त्या नवारींकडे बघून प्रश्न पडायचा. आम्ही त्याला बरं करत होतो, की त्याला हवं तसं माईनचं रान तयार करून देत होतो?

डिसेंबरात त्याची बायको शेवंती गॅरेजवर आली. बसली नाही. खुरुसाकडे बघत उभी राहिली.

"ह्येंची आवस, माझी सासू, आंधळी झाली. बारा वर्सां आमच्या अंगणात ह्येनी पाय ठेवक नाय. ती रोज इचारता, लवू इलो काय. मे म्हैन्याच्या पुढे ती काय ऱ्हवणा नाय. माका येक सांगा, तुमच्या थंय हे मातयेर पाय टेकतत?"

"नाही," मी म्हटलं.

"मगे तुमी केलास काय?"

तिने आवाज चढवला नाही, तरी ते मला लागलं. ती गेली तरी मी पाना हातात धरून तिथेच उभा. हा असा का झाला हे मी तिला विचारलं होतं. तिला एवढंच ठाऊक होतं की बहात्तर साली, लढाई थांबल्यावर, सीमेवरची शेतं मोकळी करताना त्याचा जोडीदार बाळा गेला. त्यापुढे तो कधी बोललेला नव्हता.

मी मेकॅनिक माणूस. बोल्ट गंजून अडकला की मी त्याच्याशी गप्पा मारत बसत नाही, हातोडीचा एक ठोका घालतो. एकदा, फक्त एकदा याचा पाय मातीला लागला आणि काही झालं नाही, की भीती सुटेल, असा मी हिशोब केला. दीडशहाणा कुठला!

जानेवारी पंच्याऐंशीत आम्ही खाणीत स्पर्धा ठेवली. परीक्षक म्हणून शिवदास नावाचा एक क्लबवाला दादरहून आला. लोकही जमले, दोनशे तरी असतील. लवूची शनिवारची रातपाळी होती, तो आठनंतर यायचा होता. मी सहाला पोचलो. शेवटच्या वाटेच्या टोकाला एक काळा धोंडा होता. तिथल्या आठ खुंट्या मी उपटल्या आणि वाट पाच हात उजवीकडे सरकवली, धोंड्याला वळसा घालून. तिथे इतकं आखूड वळण झालं की पाय टेकल्याशिवाय कुणाच्या बापाला वळता आलं नसतं. नवार पुन्हा ताणली. जुन्या खुंट्यांची भोकं बुजवली, पण घाईत एक राहिलं. नानाने दुरून पाहिलं. "ऑगस्टीन, त्याला विचारलंस का?" म्हणाला. मी म्हटलं, "तू घंटा वाजव रे, सुभेदार." त्याने तेव्हाच माझ्या कानाखाली वाजवायला हवी होती.

पहिल्या तीन वाटा लवूने शून्यात काढल्या. लोक टाळ्या वाजवत होते. शेवटच्या वाटेत तो शिरला तेव्हा साडेबारा झाले होते. मी धोंड्याच्या पलीकडे, पट्टीबाहेर उभा होतो. गाडी आली, वळणाशी पोचली आणि थांबली. शिवदासने पाच बोटं वर केली. लवू खाली बघत होता, खुंट्यांकडे. पाय ठेवायच्या पेगवर उभा, गाडी जागच्या जागी तोलत. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला एवढ्या लांबून दिसलं.

मला वाटलं, हीच वेळ. मी त्याच्याकडे धावलो. "टेक रे पाय! टेक, काही होत नाही!"

"हलू नको!"

तो आवाज विक्रोळीच्या पहारेकऱ्याचा नव्हता. मी एक पाय पुढे टाकलेला तसाच थांबलो.

"थंयच रव! ही माझी वाट न्हय! कोणी हलू नका, सगळ्यांनी थंयच!"

लोक हसले. पण नाना, हातात चहाचा ग्लास घेऊन निघाला होता, तो जागच्या जागी खिळला. बँकेवाला अर्धा वाकलेला, तसाच राहिला. आमचे पाचही जण पुतळ्यांसारखे उभे. वेड्याला कोण मानतं? पण सॅपरने थांब म्हटलं की थांबायचं, हे त्यांच्या हाडात होतं. त्यांना बघून लोकांचं हसू आपोआप विरलं. शिवदास काहीतरी बोलू गेला तर नाना मान न वळवता म्हणाला, "तोंड बंद."

मग लवूने माझ्याकडे पाहिलं. आमच्यात आठ हात न टोचलेली माती होती आणि तिच्यात मी उभा होतो. त्याने डोळे मिटले आणि डावा पाय मातीवर ठेवला. मग उजवा. राजदूत आडवी पडून गुरगुरत बंद झाली. बारा वर्षांनी तो मातीवर उभा होता. हँडलला बांधलेली सळई त्याने सोडली आणि तो पालथा झाला.

टोच. सरक. टोच. ऊन चढलं होतं, माझा एक पाय तसाच पुढे टाकलेला. मधल्या काळात एकदा मी म्हणालो, "लवू, ही खाण आहे रे. चांदिवली आहे."

"बोलू नको," तो म्हणाला. आणि मग, सळईचं टोक न थांबवता, सपाट आवाजात स्वतःच बोलू लागला. "बाळो असोच हुबो होतो. माका चाय घेवन येय होतो. पट्टीच्या आतसून. माझ्या पट्टीच्या आतसून, ऑगस्टीन. मी टोचलेली, मी बांधलेली. हय मरण नाय म्हणान मी सांगितलेलंय."

मी काय सरकवलं होतं ते मला तेव्हा कळलं.

एक वाजता भोंगा झाला. एरवी त्याआधीच लवू डांबरावर जाऊन बसायचा, आज ते कुणाच्या लक्षातच नव्हतं. लवू माझ्यापासून दोन हातांवर होता. सुरुंग उडाला, जमीन हादरली, धोंड्यावरून खडी घरंगळली. मला वाटलं आता हा उठून पळेल, नाहीतर याचं डोकं कायमचं फिरेल. लवूने झेप घेतली आणि माझा पाय उचलला जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी बूट मातीत घट्ट दाबून धरला, तोंड माझ्या नडगीला लावून. धूळ बसेपर्यंत तसाच. त्याचा श्वास मला पँटमधून लागत होता.

मग त्याने माझ्या बुटाभोवतीची माती टोचली, उठला आणि म्हणाला, "चल. माझ्या पावलार पाऊल."

आम्ही परत निघालो. अर्ध्या वाटेवर तो थबकला. माझं बुजवायचं राहिलेलं भोक त्याला दिसलं. तो उकिडवा बसला, भोकात बोट घालून बघितलं.

"हय माझी खुंटी होती."

"हो."

"कोणी काढल्यान?"

"मी. मीच सरकवली. लवू, मला वाटलं..."

तो मारेल म्हणून मी वाट बघत होतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो बोट भोकात तसंच ठेवून बसला होता.

"म्हणजे पट्टी कोणय सरकवू शकता," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "वाऱ्यान. गुरान. कोणय." मग त्याने दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले, एखाद्याने उसने नेलेले परत आणून दिल्यासारखे. "बारा वर्सां मी ह्ये हात बघीत बसलंय रे."

बाळाच्या वेळी पट्टी खरंच सरकली होती की लवूचाच हात चुकला होता, ते मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. मी विचारलं नाही आणि मरेपर्यंत विचारणार नाही. शिवदासने कागदावर त्याला पाच दंड लिहिले. लवू दुसरा आला. पहिला कोण आला ते मला आठवत नाही.

लवू त्यानंतर पाच रविवार खाणीत आला नाही. मी गॅरेजमध्ये बसून विहिरीकडे बघत राहायचो. सहाव्या रविवारी तो नानाच्या मागे बसून आला, सीटवरून उतरला, सळई काढली आणि मला म्हणाला, "खुंट्यांका हात लावशीत तर हात मोडून ठेवीन." त्या धमकीने मला जेवढं बरं वाटलं तेवढं कुठल्या आशीर्वादानेही वाटलं नसतं.

मे महिन्यात शेवंतीचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. एसटी थांबते तिथून घरापर्यंतची वाट ह्यांनी दोन दिवस टोचली, सगळा गाव बघायला लोटला होता. मग चालत अंगणात गेले. आईने आधी त्यांचे पाय चाचपले. आता दारापासून न्हाणीपर्यंत नवार बांधली आहे, आई ती धरून एकटी जाते-येते. रोज सकाळी आई उठायच्या आधी हे प्रत्येक खुंटी हलवून बघतात, जागेवर आहे ना म्हणून.