जोत्याची उंची

"इथं माळी राहायला येणार का?" फक्कीच्या पांढऱ्या रेषेवर काठी टेकवत दादांनी विचारलं.

निफाडजवळच्या दादांच्या मळ्यात मी आर्किटेक्ट म्हणून लाइनआउट देत होते, म्हणजे खोदाईआधी नव्या कॉटेजचा नकाशा जमिनीवर आखून घेत होते. आणि ते कॉटेज दादांसाठीच होतं.

दादांच्या वडिलांनी एका इंग्रज साहेबाकडून घेतलेला दगडी बंगला शेजारीच होता. दादा माडीवर राहायचे. जिन्यात दोनदा पडले होते. खाली बाथरूम काढायचं तर दोन फुटी भिंती फोडाव्या लागणार, आणि त्या भिंतींना ते हात लावू देईनात. म्हणून हे दोन खोल्यांचं कॉटेज. जुन्या वास्तूशेजारी नव्या वास्तूने अदबीने उभं राहावं, हे माझं कॉलेजातलं शिक्षण. त्यामुळे छप्पर बसकं ठेवलं. घराचा चौथरा, म्हणजे जोतं, जमिनीलगत. पायऱ्यांची भानगडच नको. मी स्वतःवर जाम खूश होते.

"दादा, हे तुमच्यासाठी हाय," त्यांचे चिरंजीव सुधीरराव हळूच म्हणाले.

"मंग जिन्यातच मरू द्या मला," म्हणून दादा माघारी फिरले.

तेव्हा मोबाइलच्या इनकमिंगलाही पैसे पडायचे. तरी सुधीररावांचा रोज फोन. "मॅडम, काल परत तोल गेला त्यांचा. काहीतरी करा, लय भीती वाटते." भीती मलाही वाटत होती.

शेवटी एक दिवस बंगल्याभोवती नुसतीच फिरले. मागे जुन्या काळातल्या नोकरांच्या खोल्या होत्या. छप्पर बसकं, जोतं जमिनीलगत. मी हुबेहूब तेच काढलं होतं!

मग जोतं बंगल्याएवढं उचललं. बंगल्याच्या व्हरांड्यातून थेट सपाट पॅसेज, बागेच्या बाजूला झाडांआड हलका उतार. समोर मात्र काळ्या दगडाच्या पायऱ्या. त्या दादा चढणार नव्हतेच. त्या आल्यागेल्यांनी चढायच्या होत्या.

नव्या उंचीला दोरी ताणून दादांना बोलावलं. त्यांनी काठीने दोरी चाचपली. मग बंगल्याच्या जोत्याकडे बघत राहिले.

"पायऱ्या रुंद ठेवा," ते म्हणाले. "आपल्याकडं माणसं लय येतात."

कॉटेज झालं आणि दादा खाली आले. नंतर एकदा मी तिकडे गेले तेव्हा ते फोनवर कुणाला तरी पत्ता सांगत होते, "कॉटेजवर या. शेजारी एक जुना बंगला हाय बघा, तिथं आमचा सुधीर राहतो."

पायऱ्या किती हव्यात, हे मी आता पायऱ्या न चढणाऱ्यांनाही विचारते.